आपलं विमान कुठलं?

मे महिन्यातली टळटळीत दुपार, गाव मिठबाव... आणि आमच्या माजघरात युद्ध सुरू झालं. सालबिल विचारू नका, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सातवीतून आठवीत गेले होते एवढं नक्की.

माझा मामा बोटीवर होता. सुट्टीवर येताना त्याने सिंगापूरहून एक व्हिडिओ गेम आणला, टीव्हीला जोडायचा. विमानांची लढाई! एस.टी. सुटायच्या घाईत त्याने खोका माझ्या हातात कोंबला आणि सांगितलं, "बेलोरा आणि काझिन असे दोन देश आसत, दोनय खोटे. निळी इमाना आपली, लाल दुश्मनाची. इतक्या लक्षात ठेव, झाला!"

मामा गेला. आणि आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट... 😄

आमच्या घरी नवीन वस्तू आली की बाबा आधी गाऱ्हाणं घालणार. पंप असो, रेडिओ असो, शिलाई मशीन असो, देवापुढे नारळ ठेवायचा, हात जोडून देवाला सगळं नीट सांगायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबा शाळामास्तर, त्यामुळे देवालाही सगळं तपशीलवार सांगायचे.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो लढाईचो खेळ घरात इलेलो आसा..."
"व्हय म्हाराजा!"
"तर ह्या लढाईत आमच्या देशाक यश दी रे म्हाराजा..."

आणि बाबा थांबले. मागे वळून म्हणाले, "गो बाये, आपलो देश खंयचो?"

मी म्हटलं, बेलोरा असेल बहुतेक. "बहुतेक म्हणान गाऱ्हाणा घालूचा नसता!" बाबा चिडले. मग त्यांनी शाळेचा नकाशा काढला. देश खोटे आहेत हे माहीत असून नकाशा का काढला, मला आजही कळलेलं नाही. गाऱ्हाणं अर्धवटच राहिलं.

खेळ सुरू झाला आणि गोंधळ वाढला. खालचं मधलं विमान माझं, एवढं कळायचं. बाकी सगळी करड्या रंगाची... एक पाडलं की गुण वाढायचे, दुसरं पाडलं की सगळे गुण गायब! सोबतचं पुस्तक चिनी की जपानी, देव जाणे.

आई कोकमाची सोलं वाळत घालता घालता दारात येऊन उभी राहायची. तिचा रोज एकच प्रश्न. "ह्यातला आपला खंयचा गो?" मी वैतागायचे. अगं आई, मला माहीत असतं तर शून्यावर आले असते का?

तिचं कारण वेगळं होतं. माझा मोठा भाऊ, भाई, हवाई दलात होता, तिकडे आसामच्या बाजूला. विमानं दुरुस्त करायचा. पण आईच्या डोक्यात हवाई दल म्हणजे आभाळातच. आणि दीड महिना त्याचं पत्र नव्हतं. पोस्टमन दुपारी आमच्या बेड्यावरून, म्हणजे फाटकावरून, सरळ पुढे जायचा, आणि मग आई टीव्हीसमोर यायची.

एका दुपारी मी एक विमान अचूक टिपलं. धूर काढत, गिरक्या घेत खाली गेलं. मी टाळ्या पिटल्या... आणि गुण शून्य!

"अगो, आपलाच पाडलंस काय?" आई म्हणाली. तिच्या हातातलं सूप खाली आलं, सोलं जमिनीवर पसरली. ती तशीच आत निघून गेली.

मला रागच आला. खेळ आहे गं! म्हणून भांडायला तिच्या मागे गेले, तर ती देवापुढे उभी. गाऱ्हाणं घालत होती. आमच्या घरात हे काम कायम बाबांचं, आईच्या वाट्याला फक्त "व्हय म्हाराजा" यायचं. ती अडखळत होती...

"बा देवा म्हाराजा... ह्यातला आपला खंयचा, दुश्मनाचा खंयचा, माका काय्येक कळणा नाय. तेवा वर गेलेली सगळीच्या सगळी खाली सुखरूप घेवन ये रे म्हाराजा..."

आणि ती थांबली. मागून कोणीतरी म्हणायला हवं होतं ना! बाबा बाजारात गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी दारातूनच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आईने वळून पाहिलं नाही. फक्त पदराने डोळे पुसले.

पत्र आठवड्याभराने आलं. भाईची बदली झाली होती, त्या धांदलीत लिहायचं राहून गेलं म्हणे! चतुर्थीला तो घरी आला तेव्हा आईने त्याला आधी झापलं आणि मग जेवायला वाढलं.

"आये, मी वर जाणंच नाय," तो हसत म्हणाला. "मी खाली ऱ्हवतंय."

"खाली ऱ्हवान काय करतस?"

"इमान परत येयपर्यंत वर बघीत बसतंय."

"म्हणजे माज्यासारख्याच रे!" आई म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक मोदक ठेवला.

तो गेम पुढे खाऱ्या हवेने गंजला. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हल्ली बातम्यांत कुठल्या कुठल्या देशांची विमानं दिसतात, चर्चा करणारे तावातावाने बाजू मांडतात, आणि माझा तोच सातवीतला गोंधळ होतो... ह्यातलं आपलं कुठलं?

खरंच कळत नाही हो. पण आईचं गाऱ्हाणं कानात वाजतं, आणि घरात एकटी असले तरी मी मोठ्याने म्हणते... व्हय म्हाराजा.