उज्ज्वलानं वकील बदलला

दिंद्रुडात बातमी उठली, की उज्ज्वलानं भर कोर्टात वकिलाला कोयत्यानं हाणलं. गावभर बातम्या वाटणाऱ्या कडूबाईनं तर वकिलाला किती टाके पडले तेसुद्धा सांगून टाकलं.

सगळं खोटं. कोयता घरी आढ्याला खोचलेला होता. उज्ज्वलानं हाणलं ते तोंडानं.

नवऱ्याच्या, नाथाच्या माराला विटून तिनं फारकतीचा दावा लावला होता. सासरा धुळाजी, त्यानं नात अडवून ठेवली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम विचारतो कुठं? लेकरू धरलं, की माय आपसूक फडात येती, असा म्हाताऱ्याचा डाव.

उज्ज्वलाचा वकील तालुक्याचा. गालात सुपारी धरून एकच बोलायचा, "बाई, तालीक पलली. पुधच्या म्हैन्यात ये."

शेवटी ती अंबाजोगाईच्या मोहिनीताई वकिलांकडं नुसतं विचारायला गेली.

"लेकरू केवढं?"

"पाच पुरे व्हायला दोन म्हैने हायेत, ताई."

"अगं, पाचाच्या आतलं लेकरू सहसा आईकडंच देतात! ताब्याचा अर्ज केलाच नाही तुझ्या वकिलानं?"

उज्ज्वलाच्या डोक्यात जाळ झाला. पोरीला पाच पुरे होईस्तोवर हा गडी तारखा चघळत बसणार होता तर! पण जुन्या वकिलानं नाहरकतीची सही दिल्याशिवाय मोहिनीताईंना केस घेता येईना.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली वकिलाचं टेबल. तिथं धुळाजी बशीत फुंकर घालत बसलेला.

"मामा, तुमी हितं कावून?"

"च्या प्यायला. च्यालाबी बंदी हाय का?"

"माज्या वकिलाच्या बशीतनं?"

"आवाज थाली घे, बाई," वकील म्हणाला.

"आधी थुंका, सायेब! थुंका अन् सांगा, माज्या पोरीचं नाव काय?"

वकिलानं धुळाजीकडं बघितलं. धुळाजीनं बशीत.

"ते... काजल ना?"

"आरोही! आरोही हाय तिचं नाव! लेकरू मागायला निघाले अन् नाव ठाव न्हाई! अन् ह्या म्हाताऱ्याला च्या पाजायला बरं आठवतंय! करा सही, न्हाईतर जजसायेबाच्या दारात उभी राहून हेच वरडते!"

आजूबाजूचे काळे कोट फिदीफिदी हसायला लागले. वकिलानं सुपारी थुंकली नाही, गिळली. अन् सही केली.

मोहिनीताईंनी लगोलग अर्ज टाकला. फारकतीचा निकाल लागेस्तोवर आरोही आईकडं राहील, असा हुकूम झाला. धुळाजी अजून लोकांना सांगतो, "सून लई तोंडाळ."

हे लिहिणाऱ्या शेजारच्या पोरीनं उज्ज्वलासंगं पैज लावली होती, की पाच पुरे व्हायच्या आत आरोही काही घरी येत नसती. हरली. म्हणून रोज सकाळी आरोहीला अंगणवाडीत सोडायचं काम तिच्या गळ्यात. पोरगी चांगली वजनदार, एक पाऊल चालत नाही, अन् उज्ज्वला वट्ट्यावरून वरडती, "कडेवर घे बये! पैज हाय पैज, खाली ठिवायची न्हाई!"