ताइशानच्या देवीला फेडलेला नवस

एका देवीला बोललेला नवस दुसऱ्या देवीकडे फेडला तर पोचतो का? परक्या मुलखात हे विचारायचं तरी कुणाला? माझ्या लेकीच्या, इराच्या मांडीच्या हाडात पू झाला होता, तेव्हा परदेशात, आम्ही राहतो त्या हॅमिल्टन शहरातल्या हॉस्पिटलात मी कुलदेवीला म्हटलं होतं, पोर चालू दे, तुझा गड अनवाणी चढेन. पोर चालू लागली, पण भारतात जाणं काही जमेना. दोन वर्षं ते मनाला टोचत होतं. मी हॅमिल्टनमधल्याच ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर. कामासाठी चीनला गेले, तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून पंधरा वर्षांची इराही बरोबर आली. रविवारी ताइआन शहराजवळचा ताइशान डोंगर पाहायला निघालो. हॉटेलातली मुलगी म्हणाली, वर देवी आहे, आजारी लेकरांसाठी बायका तिला साकडं घालतात. झालं, माझं ठरलं.

देवीचा डोंगर चप्पल घालून कसा चढायचा? आपल्याकडच्या सवयीने मी पहिल्या कमानीशीच जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, काढून ठेवल्या. "आई, सीरियसली? कुणी उचलल्या तर?" इरा म्हणाली. मी हट्टी बाई, ऐकते कसली. शेवटची उभी चढण आली तेव्हा तळव्यांना फोड येऊन फुटले होते. मी पायरीवर बसले आणि रडले. नवस अर्धाच राहणार होता.

तेवढ्यात उदबत्त्यांची जुडी घेतलेली एक म्हातारी थांबली. तिने पिशवीतून कापडी बुटांचा जोड काढला आणि न विचारता माझ्या पायांत चढवला. अगदी मापाचा. नवस मोडेल म्हणून मी काढायला गेले, तर तिने मोठ्या जावेसारखा माझा हात दाबून धरला. वळून बघते तर इरा स्वतःचे बूट काढत होती. "इट्स माय लेग, आई. आता मी चढते."

मी तिचे बूट उचलून काखेत घेतले. ज्या पायावर उभं राहायला तिला चार महिने लागले होते, तोच पाय गार दगडावर टाकत ती चढत गेली. मी म्हातारीचा दंड धरून मागे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं, ती माझी लेक.

वर देवीपुढे हात जोडले, तेव्हा मागायला काहीच उरलं नव्हतं. नवस मीच फेडणार, हाच माझा ताठा होता. तो देवीने उतरवून घेतला, आणि त्या बदल्यात पोरीला माझ्यापुढे चालताना दाखवलं.