मोडायचा तास

विद्यापीठाच्या तळघरात मातीकामाची खोली आहे. ती चालवणाऱ्या बाईंना पोरं चिखलताई म्हणतात. मी वरच्या मजल्यावर, विद्यार्थी कल्याण विभागात कारकून. या कल्याणाचा मला आता उबग आलाय.

चिखलताईंचा एक शिरस्ता. तास संपला की ज्याने त्याने आपलं काम आपल्या हाताने मोडायचं आणि माती पिंपात टाकायची. भाजणं नाही, फोटो नाही. नवी पोरं हिरमुसायची. ताई म्हणायच्या, "अरे, राहणारच नाहीये, मग करा की वेडंवाकडं!" वर्गात अवाक्षर न काढणारी पोरं तिथे कोपरापर्यंत बरबटून एकमेकांची टर उडवायची.

त्यांत एक मुलगी होती. घरापासून लांब आलेली, कुणात न मिसळणारी. कितीतरी तास ती नुसती माती मळत बसली. मग एकदा तिने एक बाई घडवली. पोट उघडं, आत नुसती पोकळी. ती काही तिला मोडवेना.

"ताई, आज राहू दे ना. पुढच्या वेळी मोडते."

एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली होती. ताईंनी शिरस्ता बाजूला ठेवला, मूर्तीला ओलं फडकं गुंडाळलं आणि ती फळीवर ठेवली. मी खाली डोकावले तेव्हा मला म्हणाल्या, "आत्ता कुठे रुळतेय गं. ही खोली सुटली तर हिला इथे दुसरी जागा नाही."

दुसऱ्या दिवशी ताई रजेवर होत्या. आमच्या साहेबांना विभागाच्या आनंद सप्ताहात पाहुण्यांपुढे मिरवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी खोली उघडवली, फडकं सोडलं आणि मूर्ती थेट मुख्य दाराशी काचेच्या पेटीत मांडली. खाली मुलीचं नाव आणि वाक्य: 'इथे मला माझी माणसं भेटली.' ती असलं काही बोललीच नव्हती. साहेबांनी ते चहाचे घुटके घेत रचलं.

पाहुणे पेटीपुढे हळहळत होते. "घरचंच काहीतरी प्रकरण असणार," एक बाई पर्समधून आरसा काढत म्हणाल्या.  मुलगी जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आल्या पावली परत गेली.

रजेवरून आल्या आल्या ताईंनी पेटी उघडली. साहेब हसतच आले. "अहो, केवढा प्रतिसाद मिळालाय! पोरीला उलट बरंच वाटेल."

 मूर्ती पदराखाली झाकून ताई वसतिगृहावर गेल्या. मीही मागोमाग गेले. मुलीने दार अर्धवट उघडलं.

"घे बाळा. तुझी तू मोड."

"कशाला, ताई? सगळ्यांचं बघून झालंय."

दार लागलं. त्यानंतर ती तळघरात आली नाही. ताई तिच्या जागेवर कुणाला बसू देत नाहीत.

वसतिगृहावरून परतलो त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं. पेटी रिकामी बरी दिसत नाही म्हणाले. "खाली बघा जरा, असंच दुसरं काही रडकं मिळतंय का."