दुपारची ओ

आमच्या घरात भरदुपारच्या पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. अकोल्याबाहेर, झेंडू-शेवंतीच्या वावराला लागून आमचं घर. उन्हाळ्यात बारा ते तीन रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी नाव घेऊन बोलावणारं माणूसच असेल असं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. लागोपाठ तीन हाका आल्या तर माणूस, तेव्हाच उठायचं. मी अमरावतीची, कॉलेज शिकलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी या गोष्टीवर पोट धरून हसले होते. दुसऱ्या वर्षापासून मीही गपचूप हाका मोजायला लागले.

म्हणूनच आमची लेक नावाला ओ देत नाही, याचं घरात कोणाला काही वाटलंच नाही. दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली. मागून हाक मारा, समोरून मारा, ही आपली झेंडूच्या पाकळ्या रांगेत लावण्यात गुंग. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, पोरगी हुशार हाये, कोनालेच ओ देत नाई. आणि मी मूर्खासारखी मान डोलवायचे. त्या वाया गेलेल्या दिवसांचा राग मला अजून येतो, त्यांचा कमी आणि स्वतःचा जास्त.

साडेतीन वर्षांची असताना अमरावतीच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. मग दर शनिवारी एसटीनं अमरावती. थेरपीच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला. रोज सकाळी तिच्यासमोर बसायचं, नावानं दहा हाका मारायच्या, तिच्या वतीनं आपणच 'ओ' म्हणायचं. लेकीनं स्वतः ओ म्हटलं की तिच्या तळहातावर फुटाणा ठेवायचा. वर्षभर मी हे एक दिवस न चुकता केलं. फुटाणे मीच खाल्ले. तिनं मला एकदा, फक्त एकदा ओ द्यावी, एवढंच मला हवं होतं. शाळाबिळा सगळं नंतर.

एप्रिलमधली दुपार होती. नवरा बाजारातून यायचा होता. मी आणि सासूबाई कूलरपुढे आडव्या झालो होतो. लाइट गेली, कूलर थांबला आणि घर एकदम चिडीचूप झालं. लेक मागच्या दारात उभी होती, वावराकडे तोंड करून. ती म्हणाली, "ओ."

मी ताडकन उठून बसले. कोणीही हाक मारली नव्हती. वावरातली झाडं उपटून झाली होती, भेगाळलेली काळी जमीन तेवढी पसरलेली. ती थांबली, कोणाचं तरी ऐकतेय अशी, आणि पुन्हा "ओ" म्हणाली. परत थांबली. मधली जागा बरोबर एका हाकेएवढी. खरं सांगते, पोटच्या पोरीची भीती वाटली मला. ज्या एका शब्दासाठी वर्षभर जीव टाकला तो आला, आणि मला तो नकोसा झाला.

सासूबाईंनी धावत जाऊन दार लावलं. "कोन बोलावून रायलं तिले?" त्या कुजबुजल्या. मग माझ्यावर उलटल्या. आजपासून या घरात पोरीचं नाव घेणं बंद, शिकवणीही बंद, तू शिकवलं आणि ती भलत्यालाच ओ देऊन रायली, म्हणाल्या. नाव बंद म्हणजे सगळंच मातीत. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मला तिचा हात दिसला.

बंद दाराकडे तोंड करून ती ओ म्हणतच होती, आणि दर वेळी तळहात पुढे करत होती. पहिल्या ओपासून मी मनात मोजतच होते. दहा झाल्या आणि ती गप्प होऊन पाकळ्यांकडे वळली.

"आई, मीनं बोलावलं होतं तिले. सकाळी."

"सकाळची हाक दुपारी ऐकू येते काय?"

"तिले येते."

ठणकावून सांगितलं खरं, पण मलाच पुरतं पटलं नव्हतं. मी हाका मारल्या होत्या स्वयंपाकघरात. ती वावरात कोणाकडे बघत होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहा हाका मारल्या आणि दुपारी बाराला वावरात जाऊन उभी राहिले. सासूबाई खिडकीतून नको नको म्हणत होत्या. लेक दारात आली. "ओ," म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही. तिची नजर माझ्या उजवीकडे हातभर अंतरावर होती, एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवावी तशी. तिथे काहीच नव्हतं. घरात पळून जावंसं वाटत होतं.

मी एक पाऊल सरकले आणि ती बघत होती तिथेच जाऊन उभी राहिले. ती थांबली. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ओ."