नारिंगी काठाची गोळी

घड्याळ दुरुस्त करून घेण्यास हल्ली फारसे कोणी येत नाही. त्यामुळे घड्याळाच्या दुकानात बसणाऱ्यांना बोलण्यास भरपूर वेळ मिळतो आणि किस्से साठत जातात. अंबाजोगाईच्या बाजारात खलीलभाईंच्या दुकानी आम्ही चौघे गेली तीन वर्षे बसतो आहोत. तेथील काही प्रसंग मी वहीत उतरवून ठेवले आहेत, कारण सोनेराव तेच प्रसंग प्रत्येक वेळी निराळे सांगतात.

खलीलभाई दुकानाचे मालक. सोनेराव एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. सुशीलाबाई निवृत्त परिचारिका. घाटनांदूर आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी तीस वर्षे बाळंतपणे केली, म्हणून आजही सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. चौथा मी. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर मी पंप चालवला. शाळा सातवीपर्यंत झाली; पुढचे सर्व शिक्षण मी स्वतः वाचून मिळवले आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. ही मंडळी मला अण्णा म्हणतात.

आम्ही किडे पाळतो.

वास्तविक ‘किडे’ हा शब्द येथे चुकीचा आहे. ओलसर कुंडी उचलली की तिच्याखाली तुरीच्या डाळीएवढा, राखाडी, चौदा पायांचा जीव दिसतो; त्याला बोट लावले की तो अंग आखडून गोळी होतो. हा कीटक नव्हे. तो कोळंबी आणि खेकडे यांचा भाऊबंद आहे. ओलीशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. कुजलेली पाने हे त्याचे अन्न. खलीलभाईंची मुलगी पुण्यास असते. असे जीव पाळणाऱ्या हौशी लोकांत तिची ऊठबस आहे. निरनिराळ्या देशांतल्या रंगीबेरंगी जाती ही मंडळी आपसांत देतात-घेतात. पहिला डबा तिनेच वडिलांना आणून दिला.

*

प्रथम नावावरून वाद झाला. शास्त्रीय नावाचा अर्थ ‘सारख्या पायांचा’ असा असल्यामुळे मी ‘समपाद’ हा शब्द सुचवला आणि त्याची फोड करून सांगितली. सोनेरावांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

“अण्णा, समपाद म्हणून हाक मारली तर ते बघतंय का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग गोळीच म्हणू. गोळी तर ते होतंयच.”

मतदान झाले. तीन विरुद्ध एक.

*

मग नियम असा ठरला की प्रत्येकाने एकच जात निवडावी आणि ती नीट सांभाळावी. खलीलभाईंच्या मुलीने फोनवर छायाचित्रे पाठवली.

सोनेरावांनी क्षणाचाही विचार न करता तांबड्या रंगाची जात निवडली. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “आयुष्य लाल डब्यात गेलं, आता दुसरा रंग डोळ्याला पटत न्हाई.” खलीलभाईंनी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली जात घेतली आणि भिंग डोळ्याला लावून, जुन्या घड्याळाचे काटे तपासावेत तसे ते ठिपके तपासू लागले. सिस्टरांना सांगण्यात आले की या प्राण्यात मादी अंडी टाकत नाही. पोटाखालच्या पिशवीत ती पिले वागवते आणि तयार झाली की सोडते. सिस्टरांनी विचारले, यातली कोणती जात? सगळ्याच, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सर्वांत साधी, पांढरी जात घेतली. “दिसायला काय करायचंय? पोट दिसलं म्हंजे झालं.”

माझी पाळी आली तेव्हा मी छायाचित्रे परत केली. परदेशातले दुर्मीळ जीव कोणीही मागवू शकतो. मी बीड जिल्ह्यातला दुर्मीळ शोधीन, असे मी जाहीर केले. त्यावर सोनेरावांनी नुसती मान डोलावली. ते नुसती मान डोलावतात तेव्हा त्यांचे मत प्रतिकूल असते.

*

मी आणि सोनेराव केज, नेकनूर, मांजरसुंबा या मार्गाने कपिलधारला, धबधब्याकाठच्या देवस्थानी, गेलो. धबधब्याच्या खालच्या अंगाला, पाण्याचे तुषार पोचतात तेथे, मी पानांचे थर काठीने एकेक करून उलटू लागलो. दर्शनाला आलेल्या दोन जावा थांबल्या. थोरलीने विचारले, “बाबा, काय हरवलं?”

काही हरवले नसून मी शोध घेत आहे, असे मी सांगितले. तिला तो भेद पटला नाही. दोघींनी पदर खोचले आणि त्याही पाने उलटू लागल्या. अर्ध्या तासाने धाकटीलाच ते सापडले. अंग काळसर राखाडी आणि कडेने सर्वत्र नारिंगी रेघ, साडीच्या काठासारखी. माझ्या वाचनात असा जीव कधी आला नव्हता.

“हेच का तुमचं?” तिने विचारले.

मी म्हणालो, “हेच.” आणि मला खरोखर तसेच वाटले. अकरा मिळाले.

परतीच्या गाडीत सोनेरावांनी, कोणी विचारले नसताना, तरुण कंडक्टरास सांगितले की या डब्यात अकरा जिवंत प्राणी आहेत. तुमच्या नियमात काय बसते ते बघा. कंडक्टराने झाकण उघडून आत पाहिले.

“काका, अकरा हाफ फाडू का?”

सोनेराव थेट केजपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

*

पहिल्या उन्हाळ्यात सिस्टरांच्या पांढऱ्या गोळ्या गेल्या. पाणी कमी पडले. त्यांनी पुण्याहून नव्या मागवल्या आणि दुकानात येऊन एक पद्धत घालून दिली. आपण दही लावतो. एखाद्या दिवशी नासते. मग शेजारी वाटी घेऊन जातो आणि शेजारीण विरजण देते, कारण पुढच्या महिन्यात तिचेही नासणार असते. तसे प्रत्येकाने आपल्या जातीतले थोडे इतर तिघांना द्यावे. एकाचे गेले तरी तिघांकडे राहील.

सोनेरावांनी तांबड्या गोळ्या वाटल्या. खलीलभाईंनी ठिपक्यांच्या वाटल्या. मी त्या आनंदाने घेतल्या.

माझ्या अकरांच्या साठ झाल्या. मी डबा माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवत असे आणि वडाची जुनी पाने उकळून, गाळून घालत असे. सिस्टरांनी विरजण मागितले तेव्हा मी सांगितले की संख्या अजून स्थिर झालेली नाही. खलीलभाईंनी मागितले तेव्हा हवामान अनुकूल नाही असे सांगितले. सोनेरावांनी तर कारणही विचारले नाही. “अण्णा, न्हाई म्हणायचंय तर न्हाई म्हणा की. लेक्चर काऊन देता?”

मनातले कारण मी येथे लिहितो. चौघांकडे असलेली वस्तू दुर्मीळ राहत नाही.

*

वैशाखात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला तीन दिवस बीडला राहावे लागले. निघताना मी पत्नीला एवढेच म्हणालो की डब्याकडे लक्ष ठेव, ते फार मोलाचे आहे. कसे लक्ष ठेवावे ते सांगितले नाही. मी सर्वांना सर्व काही समजावून सांगतो. घरात मात्र ती सवय मला नाही.

तिने झाकण उघडले. आत ओल होती, पाने कुजली होती. मोलाची वस्तू अशी ठेवतात हे पाहून तिला माझी कीव आली. तिने डबा गच्चीवर उन्हात ठेवला, पाने फेकली, माती खडखडीत वाळवली आणि वर कडुलिंबाचा पाला पसरून झाकण घट्ट लावले. ज्वारीला ती दरवर्षी असेच करते.

डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन मी घरी आलो आणि डबा उघडला. पाला कशासाठी, असे विचारले.

“किडे होऊ नयेत म्हणून,” ती म्हणाली. “इतकी वर्षं संसार केला, माझ्या ज्वारीला कधी कीड लागली का?”

लागली नव्हती. मला खोटे बोलता येईना.

*

खापराच्या तुकड्याखाली, जेथे बोटभर माती दमट राहिली होती, तेथे एक जिवंत सापडली. एकच.

पट्टी निघताच मी सोनेरावांना घेऊन पुन्हा कपिलधारला गेलो. धार आटली होती. पाने वाऱ्याने गेली होती आणि खालची जमीन कोरडी होती. आम्ही दुपारपर्यंत दगड उलटले. दर्शनाला आलेल्या लोकांनी काय हरवले ते विचारले. या वेळी मी ‘हरवले’ असेच सांगितले. येताना गाडीत सोनेरावांनी मला खिडकीची जागा दिली.

दुकानात कोणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते. मी डबा काउंटरवर ठेवला आणि एवढेच म्हणालो की नर असेल तर विषय संपला.

खलीलभाईंनी दिवा जवळ ओढला आणि चिमट्याने ओला कापूस पसरला. सिस्टरांनी भिंग डोळ्याला लावले. गोळी उलगडायला बराच वेळ लागला. मग त्यांनी ती हलक्या हाताने उताणी केली.

“मादी हाय,” त्या म्हणाल्या. “आन् दिवस भरलेत. पिशवी हलतीय. पर अशक्त लई हाय. गाजराचा कीस आणा कुणीतरी, आन् फॅन बंद करा.”

फॅन बंद झाला. मी त्यांच्या मागे उभा राहून या प्राण्यांत पिशवी कशी उघडते, पिले किती दिवसांनी बाहेर येतात आणि जन्मतः त्यांना दोन पाय कमी कसे असतात, हे जेवढे वाचले होते तेवढे सांगू लागलो. माझा आवाज थांबत नव्हता. सिस्टरांनी भिंगावरून डोळा काढला नाही.

“नातेवाइकांनी बाहेर थांबावं.”

खलीलभाईंनी माझ्याकडे पाहिले. सोनेरावांनी दार उघडून धरले. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

थोड्या वेळाने सिरसाळ्याकडचे एक शेतकरी टॉवेलात गुंडाळलेले भिंतीवरचे घड्याळ घेऊन आले आणि दुकान चालू आहे का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना थांबण्यास सांगितले व का थांबायचे तेही सविस्तर सांगितले: चौदा पाय, कपिलधार, साठांतली एक, आत चाललेली बाळंतपणाची तयारी. ते माझ्या शेजारी बसले. घड्याळ मांडीवर घेतले.

“पयलीच खेप हाय का?”

मला ठाऊक नाही, असे मी म्हणालो. कोणत्याही प्रश्नाला हे उत्तर मी बऱ्याच वर्षांनी दिले असेन.

“अवघड असतंय,” ते म्हणाले. त्यांच्या म्हशीला गेल्या साली असाच त्रास झाला होता. ते सारे त्यांनी सांगितले आणि मी मध्ये बोललो नाही. आतून गाजर किसल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. बाजारातली उन्हे समोरच्या भिंतीवर चढली.

दार किलकिले झाले. सिस्टर भिंग हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. तीस वर्षे त्या घराघराच्या उंबऱ्यात अशाच उभ्या राहिल्या असतील.

“सुखरूप हाय. पांढरी, मोहरीच्या निम्म्यानं. बावीसपत्तोर मोजली, अजून सुटायलीत.”

मी उठलो नाही. शेजारच्या गृहस्थांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर नीट बसवली आणि अदबीने विचारले, “बाबा, मोठी झाल्यावर दोन-चार मला बी मिळतील का? आमच्या रांजणाखाली लई गार असतंय.”

“देईन,” मी म्हणालो.

आत काउंटरवर तिघांच्या तीन रिकाम्या डब्यांची झाकणे एकामागून एक उघडल्याचा आवाज आला.