हिमनदीच्या दरीत हळीव

लॉकडाऊनमध्ये मुलीला शाळेने आर्क्टिकमधल्या हिमनदीच्या दरीचं मॉडेल करायला सांगितलं. आमच्या पेंडल हिलच्या घरात त्या कामाला मोकळा माणूस एकच, माझे बाबा. दोन महिन्यांसाठी आले होते, विमानं बंद झाली आणि अडकले. आई पुण्यात एकटी होती आणि तिला दमा होता.

बाबांनी दरी केली ती दिवाळीतल्या किल्ल्यासारखी. ओव्हनच्या जुन्या ट्रेमध्ये माती थापली, दोन्ही बाजूंना कडे उभे केले, मधला तळ रुंद ठेवला.

"पाणी दरी कोरतं ती निमुळती. बर्फ रांगत जातो, तो घमेल्यासारखी खरवडतो," ते म्हणाले. वरच्या टोकाला कापसाची हिमनदी, तिच्यापुढे तिने ढकलत आणलेले खडे, तळाला निळ्या दोऱ्यांचे, फाटे फुटलेले प्रवाह. आणि किल्ला म्हटला की पेरायला हवंच, म्हणून एका उतारावर हळीव.

"आबा, नथिंग ग्रोज देअर!" मुलगी किंचाळली.

"उगवतं गं. उन्हाळ्यात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर. शेवाळ, बोटभर झुडपं."

मग त्यांनी मोबाइलवर दिशा बघून तो उतार बरोबर दक्षिणेला केला आणि ट्रे मागच्या व्हरांड्यात ठेवला. इथे दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं हे ते विसरले. मीही बोललो नाही, त्या दिवसांत मला बोलायचाच कंटाळा आला होता.

हळीव सावलीत उगवला आणि सगळा कड्यावरून मागे, उत्तरेकडे झुकला. फोटोत वाकडा दिसेल म्हणून एका सकाळी मी ट्रे फिरवून ठेवला.

त्याच दुपारी फोन आला. खास विमानात एक सीट होती, उद्यापर्यंत कळवायचं होतं.

"नका जाऊ, बाबा. तिकडे हॉस्पिटलात बेड मिळत नाहीयेत."

"ती तिथेच आहे ना," ते म्हणाले आणि मटार सोलायला बसले.

मला संताप आला. या वयात हा हट्ट कशाला? खरं म्हणजे मी घाबरलो होतो. तिकडे त्यांना काही झालं असतं, तर मला इथून हलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन व्हरांड्यात गेलो. हळीव पुन्हा उत्तरेकडे वळला होता, एकूण एक काडी. चहा गार होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

आत येऊन म्हटलं, "बाबा, सीट कन्फर्म करतोय. बॅग भरायला घ्या."

बॅग दाराशी होती, कुलूप लावलेली.