नाळीच्या भाजीचा कागद

वहिनीच्या तेराव्यानंतर मी माझी जुनी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि नवेगावच्या तळ्याकाठची एक सकाळ आठवली.

लढाईचे दिवस होते. मी नागपूरला बी.एस्सी. करत होतो. सुट्टीत वीस वनस्पती मुळाफुलांसकट वर्तमानपत्रात दाबून वाळवायच्या आणि एकेका कागदावर चिकटवायच्या होत्या. एक जरी कमी पडली, तरी परीक्षेला बसता येणार नव्हते. विसावी होती तळ्यातली नाळीची भाजी. फुललेला वेल महत्प्रयासाने मिळाला. तो स्वयंपाकघरात ठेवून मी आंघोळीला गेलो आणि जेवायला बसलो, तर ताटात त्याचीच भाजी.

"खायाची चीज वाळवता कायले, भाऊजी?" वहिनी हसली. मग माझा चेहरा पाहून तिने हातातली पळी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. सकाळी पाहतो तर वहिनी अंगणात उभी. लुगडे छातीपर्यंत भिजलेले, हातात फुलासकट लांब वेल.

"घ्या. मुळ्या तोडल्या नाही. आता रुसून नोका राहू."

तिला पोहता येत नव्हते, हे मला ठाऊक होते. तरी मी वेल घेतला आणि आधी मुळ्या मोजल्या.

आज पेटीतल्या त्या कागदावरचे जांभळे फूल मातकट झाले आहे. खाली 'गोळा करणारा' या शब्दांपुढे माझे नाव आहे. ते खोडून मी 'यमुना' लिहिले, तेव्हा ध्यानात आले की वहिनीचे नाव मी आजवर कधी लिहिलेच नव्हते.